जुनी स्ट्रॅट, नवी स्ट्रॅट: सहा महिने दोन्ही वाजवल्यावर

माझ्या गिटारच्या सरांची १९६३ सालची फेंडर स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे सगळे जिला स्ट्रॅट म्हणतात ती इलेक्ट्रिक गिटार, गेले सहा महिने माझ्याकडे आहे. सरांच्या डाव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. केसमध्ये पडून राहण्यापेक्षा वाजती राहू दे, म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. माझी स्वतःची अमेरिकन प्रोफेशनल टू, म्हणजे २०२० साली आलेलं मॉडेल. दोन्ही सनबर्स्ट, दोन्ही ऑल्डर लाकडाच्या, दोन्हींची स्केल (तारेची वाजती लांबी) साडेपंचवीस इंच. लांबून पाहणाऱ्याला एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघाल्यासारख्या वाटतील. हातात घेतल्या की दोन वेगळी वाद्यं आहेत.

आधी माझं मत सांगतो, मग तपशील. नव्या स्ट्रॅटमधला जवळजवळ प्रत्येक बदल कुणा ना कुणा वादकाच्या खऱ्या तक्रारीला दिलेलं उत्तर आहे. आणि त्यातल्या बऱ्याच उत्तरांनी जाताजाता काहीतरी काढूनही घेतलंय. काय मिळालं ते जाहिरातीत असतंच. काय गेलं, ते इथे नोंदवायचंय.

सुरुवात फिंगरबोर्डपासून, म्हणजे नेकवरच्या (दांड्यावरच्या) बोटं टेकवायच्या पट्टीपासून, कारण सगळ्यात मोठा फरक तिथे आहे. जुन्या स्ट्रॅटचा रेडियस सव्वासात इंच, म्हणजे बोर्डाला चांगलीच गोलाई. माझ्या नव्या गिटारचा साडेनऊ. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण बॅरे कॉर्ड धरून बघा. जुन्या नेकवर तर्जनी नुसती टेकवली की सगळ्या तारा आपोआप दबतात, मनगटावर जोर येत नाही. मात्र बाराव्या फ्रेटच्या (बोर्डावरच्या आडव्या धातूपट्टीच्या) वर जाऊन पहिली, सगळ्यात बारीक तार दोन सूर वर ओढली (यालाच बेंड म्हणतात), की ती बोर्डाच्या उंचवट्यावर चढते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच गुदमरतो. अॅक्शन, म्हणजे तारांची बोर्डापासूनची उंची, कमी ठेवली असेल तर हमखास. म्हणूनच फेंडरच्या स्वतःच्या सेटअपच्या आकड्यांत सव्वासात इंची बोर्डासाठी जाड तारांकडे ५/६४ इंच आणि बारीक तारांकडे ४/६४ इंच उंची दिलेली आहे. साडेनऊला दोन्हीकडे ४/६४ चालते. नेकचा बाकही जुन्याला किंचित जास्त, ०.०१२ इंच; नव्याला ०.०१०.

मी पहिले दोन आठवडे जुनीवर नव्या गिटारची अॅक्शन लावून बसलो होतो आणि 'जुन्या गिटारी वाजत नाहीत' असं मनात पक्कं करत होतो. सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अरे, तारा उचल थोड्या. तिला अंग आहे, अंगाने वाजव." उचलल्या. मग कळलं की बेंड हळू घ्यायचा, मींडेसारखा, मनगट फिरवून. माझ्या नव्या गिटारवर मी बेंड नुसता ढकलत होतो.

दुसरी गोष्ट पिकअपची, म्हणजे तारांखाली बसून त्यांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकी भागाची. जुन्या पिकअपचे चुंबक खालीवर असतात, आणि तिसऱ्या तारेखालचा चुंबक सगळ्यांत उंच. याचं कारण फार सरळ आहे. १९५४ साली स्ट्रॅट आली तेव्हा तिसरी तार गुंडाळलेली असायची आणि ती हळू बोलायची, म्हणून तिच्याखालचा चुंबक वर काढला. आज आपण सगळे साधी, न गुंडाळलेली तिसरी तार लावतो. ती मुळातच जोरात बोलते, त्यात खाली उंच चुंबक. त्यामुळे सरांच्या गिटारवर कॉर्ड छेडली की तिसरी तार बाकीच्यांच्या अंगावर धावून येते. सुरुवातीला मला हा दोषच वाटला. आता मी तिसऱ्या तारेवर उजवा हात आपोआप हलका ठेवतो, आणि ती सवय नव्या गिटारवरही आली आहे.

तिसरी, व्हॉल्यूमचा नॉब. माझ्या नव्या गिटारला ट्रेबल ब्लीड आहे: व्हॉल्यूम कमी केला तरी आवाजाची धार तशीच राहते. वादकांची जुनी तक्रार होती की नॉब खाली आणला की आवाज मातकट होतो, त्यावर हा उपाय. पण जुनीवर मी तोच मातकटपणा वापरायला शिकलो. अँप थोडा फाटत ठेवायचा, गाण्याच्या कडव्याला नॉब सातावर, आवाज मऊ आणि मागे. ध्रुवपदाला दहावर, आवाज उघडा आणि पुढे. एका नॉबमध्ये दोन आवाज. नवीवर नॉब फिरवला की तोच आवाज लहान होतो, एवढंच.

ट्रेमोलोबद्दल (दांडीने सूर हलवणारा ब्रिज) मी थोडक्यात संपवतो. जुनीचा सहा स्क्रूंवर बसलेला, नवीचा दोन खांबांवर तोललेला. नवीचा हलका चालतो आणि सुरात परत येतो. इथे मी पूर्णपणे नव्याच्या बाजूने आहे.

ट्रस रॉडबाबतही, म्हणजे नेकच्या आतल्या, तिचा बाक कमीजास्त करणाऱ्या सळईबाबतही. जुनीचा रॉड फिरवायचा तर नेक काढावी लागते, कारण त्याचं टोक बॉडीच्या खाचेत दडलेलं असतं. सैल करा, काढा, पाव फेरा फिरवा, पुन्हा लावा, तारा चढवा, बघा, नाही जमलं, पुन्हा काढा. हवामान बदललं की माझी एक अख्खी दुपार यात जाते. नवीचा रॉड हेडस्टॉककडून (खुंट्यांकडच्या टोकाकडून) अर्ध्या मिनिटात फिरतो.

तुमच्यापैकी ज्यांनी दोन्ही काळांतल्या स्ट्रॅट वाजवल्या आहेत त्यांनी आपापले अनुभव लिहा. विशेषतः १९६५ ते १९८५ च्या मधल्या काळाबद्दल. त्या काळातली गिटार मी कधी नीट वाजवलेली नाही.

प्रतिसाद १

मधल्या काळाबद्दल मी लिहितो, कारण माझी गिटार १९७४ची आहे आणि तिच्याबद्दल वाईट ऐकून माझे कान किटले आहेत.

जानेवारी १९६५मध्ये लिओ फेंडर यांनी कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली, आणि तिथून सगळं बिघडलं, ही गोष्ट सगळे सांगतात. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण मालक बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी लाकूड बदललं नाही. १९६५ साली बनलेल्या कित्येक गिटारी आधीच्या साठ्यातल्याच भागांच्या आहेत. मोठा हेडस्टॉक त्या वर्षाच्या अखेरीस आला. तीन बोल्टची नेक आणि बुलेटसारखं टोक असलेला ट्रस रॉड १९७१ला. पाच जागांचा स्विच १९७७ला. आणि छोटा हेडस्टॉक, चार बोल्ट हे सगळं १९८१च्या आसपास परत आलं. म्हणजे 'सीबीएसची स्ट्रॅट' ही एक गिटार नाहीच.

तीन बोल्टबद्दल लोक बोलतात ते अर्धवट बोलतात. त्यातली मायक्रो टिल्ट ही कल्पना मला आजही आवडते: नेकप्लेटमधल्या भोकातून चावी घालून नेकचा कोन बदलायचा, नेक काढायची गरज नाही. तुम्ही जी अख्खी दुपार घालवता, तिच्यावरचं उत्तर त्या लोकांनी शोधलं होतं. बुलेट रॉडमुळे बाकही हेडस्टॉककडून फिरतो. प्रश्न कल्पनेचा नव्हता. नेकची खाच सैल कापलेली असली तर तीन बोल्ट नेकला बाजूला सरकण्यापासून अडवू शकत नाहीत. खाच घट्ट असलेली गिटार मिळाली तर तीन बोल्ट पुरतात. माझी पुरते. पहिली तार बोर्डाच्या कडेवरून घसरत नाही, एवढी एकच परीक्षा घेऊन मी ती घेतली होती.

आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने १९६९ला वुडस्टॉक महोत्सवात जी पांढरी स्ट्रॅट वाजवली ती मोठ्या हेडस्टॉकची, सीबीएसच्याच काळातली. रिची ब्लॅकमोर, इंग्वे माल्मस्टीन यांनीही मोठ्या हेडस्टॉकच्याच गिटारींवर आपला आवाज घडवला. तो काळ सरसकट टाकाऊ म्हणणाऱ्यांनी एकदा हे आठवावं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. फक्त वजनाचं सांगा की. सत्तरच्या दशकातल्या ॲश लाकडाच्या बॉडी खांद्याला जाणवतात, तासभर उभं राहून वाजवलं की कळतं. कडांची गोलाईही कमी केली होती, ती बरगडीला टोचते.

प्रतिसाद ३ (धागाकर्ता)

१९७४वाल्यांचे मनापासून आभार. मायक्रो टिल्टचं हे कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं. एक जोड देतो: बॉडीसाठी सुरुवातीची दोन वर्षं ॲशच होतं. १९५६च्या मध्यापासून बहुतेक रंगांना ऑल्डर आलं आणि ॲश मुख्यतः ब्लाँड रंगासाठी राहिलं, कारण त्याच्या रेषा पारदर्शक रंगातून छान दिसतात. म्हणजे 'खरी जुनी स्ट्रॅट ऑल्डरची' किंवा 'ॲशची' हा वाद ज्याने त्याने आपापलं साल धरून घालायचा.

प्रतिसाद ४

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, त्यामुळे तारांच्या आतल्या बाजूचं लिहितो.

जुन्या-नव्या आवाजाच्या तुलनेत लोक लाकूड आणि लॅकर यांवर तासन्‌तास बोलतात, पण पॉट (नॉबच्या खालचा, कमीजास्त होणारा रोध) कुणी मोजत नाही. स्ट्रॅटचे पॉट २५० किलोओहमचे. हा छापलेला आकडा. प्रत्यक्षात वीस टक्के इकडेतिकडे चालतात. म्हणजे एकाच साच्यातल्या दोन गिटारींत एकीचा पॉट २०० आणि दुसरीचा ३०० असू शकतो. २००वाली मऊ वाटेल, ३००वाली उजळ. मग लोक म्हणतात, 'हिचं लाकूड उजळ आहे.' आधी मल्टिमीटर लावा.

कपॅसिटर: जुन्या स्ट्रॅटमध्ये ०.१ मायक्रोफॅरड, आताच्या बहुतेकांत ०.०२२. याने टोनचा नॉब पूर्ण उघडा असताना जवळजवळ काहीच फरक पडत नाही. नॉब खाली आणल्यावर पडतो, आणि भरपूर पडतो. जुनीचा टोन शून्यावर नेला तर आवाज जाड गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो. शिवाय जुन्यांत ब्रिजच्या पिकअपला टोनचा नॉबच नाही. कित्येकांना जो आवाज 'टोकदार' वाटतो तो तिथून येतो. मधल्या पिकअपचा टोन ब्रिजला जोडून घेणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण जुन्या गिटारमध्ये कृपया करू नका. का, ते पुढे दुरुस्तीवाले कुणी सांगतीलच.

स्विच. जुना तीन जागांचा. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवत, कारण दोन पिकअप एकत्र लागले की तो पोकळ, बदकासारखा 'क्वॅक' आवाज निघतो. कंपनीला पाच जागांचा स्विच द्यायला इतकी वर्षं लागली, ते काम वादकांनी बोटांनी आधीच केलं होतं. नव्यांत मधला पिकअप उलट वळणाचा आणि उलट ध्रुवांचा असतो, म्हणून दोन्ही मधल्या जागांवर पिकअपची घूं (मागची गुणगुण) बंद होते. १९६३च्या गिटारवर ती बंद होणार नाही. धागाकर्त्यांनी हे तपासलं असेल तर लिहा.

शेवटचं, केबल. लांब किंवा गुंडाळीची केबल वरचे सूर कमी करते. जुन्या ध्वनिमुद्रणांत जो गोलावा ऐकू येतो त्यातला काही वाटा तेव्हाच्या केबलचा आहे. गिटारची तुलना करताना केबल एकच ठेवा.

प्रतिसाद ५

मी नवीन आहे, अजून दीडच वर्ष झालंय शिकायला लागून. हे सगळं वाचून घाबरायला झालं. मला जुना आवाज आवडतो, पण १९६३ची गिटार माझ्या नशिबात नाही. मग काय करू?

प्रतिसाद ६ (धागाकर्ता)

घाबरू नकोस. जुन्या मापांच्या नव्या गिटारी मिळतात. १९८२पासून फेंडर स्वतःच '५७ आणि '६२ची प्रतिरूपं काढतेय, आणि २०२२ला अमेरिकन व्हिंटेज टू आली. सव्वासात इंची बोर्ड, २१ फ्रेट, जुन्या धर्तीचे पिकअप, सगळं आहे. फक्त आधी दुकानात बसून दोन्ही रेडियसवर तुला रोज वाजवायचं तेच वाजव. कॉर्ड जास्त असतील तर गोल बोर्ड, वरच्या फ्रेटवर लांब बेंड असतील तर सपाट. ब्रँडचा, सालाचा विचार त्यानंतर.

प्रतिसाद ७

दुरुस्तीचं काम करतो. वर माझी वाट पाहिली गेली आहे म्हणून लिहितो.

जुन्या गिटारचे टाके वितळवू नका. मूळ सोल्डर हा पुरावा असतो. पॉटच्या पाठीवर किंवा कडेला सात आकडे असतात: पहिले तीन कारखाना, पुढचे दोन साल, शेवटचे दोन आठवडा. ३०४६३१८ म्हणजे स्टॅकपोलचा पॉट, १९६३चा १८वा आठवडा. १३७ने सुरू झाला तर सीटीएस. गिटार पॉटच्या आधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते. नेकच्या टाचेवर तारीख, पिकअपच्या तळाचा रंग, बोर्डावरच्या ठिपक्यांचा पोत, हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. १९६४पर्यंतच्या रोझवूड बोर्डावरचे ठिपके मातकट, चकाकी नसलेले असतात. नंतरचे मोत्यासारखे.

१९५९ ते साधारण १९६५चं पिकगार्ड (बॉडीवरची पातळ प्लेट) सेल्युलॉइडचं असतं. पांढऱ्याचं हळूहळू पुदिन्यासारखं हिरवट होतं, ते याचमुळे. ते आकसतं. स्क्रूपाशी तडा जातो. धागाकर्त्यांना कळकळीची विनंती: पिकगार्ड काढायचंच झालं तर स्क्रू एका दमात सोडवू नका, सगळे थोडे थोडे सैल करा. आणि आगीपासून लांब ठेवा, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

लॅकरबद्दल: नायट्रोसेल्युलोज पातळ असतं, घासलं जातं, थंडीत तडकतं, मनगटाखाली उडून लाकूड उघडं पडतं. नंतरच्या पॉलिएस्टरला यातलं काही होत नाही. 'लाकूड श्वास घेतं' हे मला वीस वर्षांत कधी जाणवलं नाही. पण नायट्रोची नेक घामात चिकटते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने पुन्हा गुळगुळीत होते, हे हाताला स्पष्ट कळतं. जुन्या नेकची कड हातांनी घासून गोल झालेली असते. आता कारखान्यात ती गोल करून देतात, आणि हा बदल मला मनापासून पटतो.

आणि हो, रोझवूडच्या जुन्या बोर्डाची गिटार घेऊन देशाबाहेर जाणार असाल तर कागदपत्रं आधी बघा. ब्राझिलियन रोझवूड १९९२पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे.

प्रतिसाद ८

लाकडावरून आठवलं. नव्या गिटारींत ॲश कमी होण्याचं कारण आवाज नाही, किडा आहे. एमराल्ड ॲश बोरर, आशियातून गेलेला हिरवा भुंगा. २००२मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि ॲशची झाडं जंगलंच्या जंगलं वाळली. २०२०मध्ये फेंडरने ॲशचा वापर मोजक्या मॉडेलांपुरता ठेवायचं जाहीर केलं. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

मूळ भागांबद्दल मात्र मी दुरुस्तीवाल्यांशी थोडा असहमत आहे. एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' तीन वेगवेगळ्या स्ट्रॅटचे भाग जोडून केलेली होती. डेव्हिड गिल्मोरच्या काळ्या स्ट्रॅटच्या नेक आणि पिकअप कितीदा बदलल्या. पुरावा जपायचा तो संग्रहासाठी. वाजवायची गिटार असेल तर ती वाजवणाऱ्याच्या हाताप्रमाणे बदललीच पाहिजे.

प्रतिसाद ९

@प्रतिसाद ८: वाजवायची असेल तर बदला, पण काढलेला प्रत्येक भाग एका पिशवीत घालून केसमध्येच ठेवा. एवढंच मागणं आहे. पुढचा मालक तुम्हाला दुवा देईल.

प्रतिसाद १० (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व. प्रतिसाद ४ वाचून रीतसर तुलना करायची ठरवली.

दोन्हींना एकाच पाकिटातल्यासारख्या दहा नंबरच्या नव्या तारा. पिकअपची उंची दोन्हींची सारखी: शेवटची फ्रेट दाबून सहाव्या तारेखाली ६/६४, पहिलीखाली ५/६४. (माझ्या नवीचे पिकअप मी उगाचच फार वर चढवले होते. सहाव्या तारेचा सूर वरच्या फ्रेटवर डुलत होता, ते चुंबकाच्या ओढीमुळे, हे आता कळलं.) तीच केबल, तोच अँप, नॉबला हात नाही. पॉट मोजले नाहीत, सरांच्या गिटारचं पिकगार्ड उघडायचं धाडस झालं नाही आणि प्रतिसाद ७ नंतर तर मुळीच नाही. दोन्हींवर तेच बारा तुकडे वाजवले, रेकॉर्ड केले, आणि मित्राने क्रम उलटसुलट करून मला ऐकवले.

बारापैकी सात ओळखले. म्हणजे नाणं उडवूनही साधारण तेवढेच जमले असते. जे खात्रीने ओळखले ते तीन: दोन मधल्या जागांवरचे, कारण मागे घूं होती आणि ती जुनीवर बंद होत नाही, प्रतिसाद ४ अगदी बरोबर, आणि एक कॉर्डचा, जिथे तिसरी तार बाहेर उडी मारत होती. लाकूड, लॅकर, साठ वर्षांचं वय यांतलं काही मला कानाने वेगळं काढता आलं नाही.

पण आणखी एक गोष्ट ऐकू आली, जिची मी अपेक्षा केली नव्हती. जुनीवर वाजवलेल्या सगळ्या तुकड्यांत माझे बेंड हळू आहेत, आणि सुरावर पोचल्यावर तिथे थांबलेले आहेत. नवीवर तेच बेंड घाईचे आणि एकदोनदा चढे. वाजवताना दोन्हीकडे सारखंच वाजवतोय अशी माझी खात्री होती.

रविवारी गिटार परत द्यायला गेलो. मनगट बरं आहे सरांचं, पण अजून अर्धाच तास वाजवतात. त्यांनी माझी नवी मागून घेतली, दहा मिनिटं वाजवली, म्हणाले, "छान आहे, हलकी जाते हाताला." मग आपली घेतली, तारा बघितल्या आणि विचारलं, "दहाच्या लावल्यास?" केसच्या खणातून अकरा नंबरचं, म्हणजे जास्त जाड तारांचं, पाकीट काढलं, तिसरी गुंडाळलेली. माझ्या दहाच्या तारा उतरवून त्यांनी त्या चढवायला घेतल्या आणि पाना माझ्या हातात दिला, "धर, नेक काढायला लागेल आता."

प्रतिसाद ११

तिसरी गुंडाळलेली! मग तो उंच चुंबक बरोबर जागी बसला की. बाक किती ठेवलात?

प्रतिसाद १२ (धागाकर्ता)

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटची दाबून, आठव्यावर ०.०१२. तीन वेळा नेक काढावी लागली. कॉर्ड आता सपाट बोलते, तिसरी पुढे येत नाही. बेंड मात्र त्या तारेवर अर्ध्या सुराच्या वर जात नाही. सर तिथे बेंड मारतच नाहीत, खालून सरकत येतात.